अकरा वाजून सात मिनिटांनी

१

माधवी शेलार उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून बुवापाड्यात घरी परतली तेव्हा बारा वाजून गेले होते. जीन्सचे धागे कापायचं काम ती घरी आणत असे. तयार पँटींचा गठ्ठा कारखान्यात टाकून ती धावतपळत आली होती, कारण दुपारी तीन वाजता तिच्या नवऱ्याची साक्ष होती. चप्पल काढता काढताच तिनं मोबाईल उचलला आणि साक्षीची लिंक उघडून पाहिली.

पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं.

"नेट गेलंय," भगवंत कॉटवरून म्हणाला. "अकरा वाजून सात मिनिटांनी गेलं. मी बातम्या बघत होतो, मधेच अडकलं. वर घड्याळ दिसत होतं म्हणून लक्षात राहिलं."

भगवंतचे दोन्ही पाय कमरेपासून प्लास्टरमध्ये होते. अडीच महिन्यांपूर्वी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत रिॲक्टर फुटला. रघु नावाचा चोवीस वर्षांचा पोरगा जागच्या जागी गेला. त्याच्यापासून दहा हातांवर उभा असलेला भगवंत भिंतीखाली सापडला आणि वाचला. प्लँटमध्ये त्या वेळी तिसरं कोणी नव्हतं. कंपनी म्हणत होती, चूक कामगारांची. चौकशी समितीची आज शेवटची बैठक होती आणि भगवंत शेवटचा साक्षीदार. त्याला हलवायला डॉक्टरांनी सक्त मनाई केली होती, म्हणून समितीनं मोबाईलवरून साक्ष घ्यायचं कबूल केलं होतं.

माधवीनं राउटरचा प्लग काढून घातला. मोबाईल बंद करून चालू केला. काही नाही. घर उतारावर होतं, मागे उंच दगडी भिंत. आत मोबाईलची रेंज येत नसे, म्हणून तर वायफाय घेतलं होतं. मागच्या आठवड्यात दारात मोबाईल धरून चाचणी घेतली, तेव्हा आवाज सारखा तुटत होता. 'आवाज स्पष्ट नसेल तर साक्ष नोंदवता येणार नाही,' असं समितीच्या बाईंनी सांगून टाकलं होतं.

"नेटच्या कंपनीला फोन लाव ना," भगवंत तिसऱ्यांदा म्हणाला.

माधवी क्षणभर नुसतीच उभी राहिली. मग गल्लीच्या तोंडाशी जाऊन तिनं तक्रार नोंदवली. परत आली तेव्हा भगवंत घड्याळाकडे बघत होता.

"आज नाही बोललो तर ते लिहून मोकळे होतील," तो म्हणाला. "साक्षीदार हजर नाही."

२

एक वाजून वीस मिनिटांनी गल्लीत स्कूटर थांबली. जिज्ञासा म्हात्रे बदलापूरच्या बेलवलीत राहायची आणि नेटच्या कंपनीत आठ वर्षं लाईन दुरुस्तीचं काम करायची. गिऱ्हाईक 'आम्ही कशाला हात लावला नाही' म्हणालं की ते ऐकून घ्यायचं आणि आपल्या डोळ्यांनी बघायचं, एवढी एकच शिस्त ती पाळत असे.

खांबावरून आलेली वायर तिनं आधी पाहिली. कुठे तुटलेली नव्हती, दबलेली नव्हती. ती घराच्या वरच्या खोलीत शिरत होती. त्या खोलीला गल्लीतूनच लोखंडी जिना होता आणि दाराला नुसती कडी.

जिन्यावर एक तिशीचा माणूस बसला होता. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"मी सुजित, भगवंतचा धाकटा भाऊ," तो उठत म्हणाला. "वरच्या खोलीत मीच राहतो. पण मला काही माहीत नाही हां, मॅडम. नऊलाच बाहेर पडलो मी. बदलापूरला होतो, बेलवलीत, कामाचं विचारायला. हा आत्ता एक वाजता आलो."

"तुम्हीपण भाऊंच्याच केमिकल कंपनीत?"

"होतो. आता जात नाही."

राउटर वरच्या खोलीत खिडकीशेजारी ठोकलेला होता. तीन दिव्यांपैकी दोन हिरवे: वीज आणि लाईन. तिसरा, वायफायचा दिवा, बंद. पण मोबाईलवर 'शेलार होम' हे नाव भरल्या रेंजनं दिसत होतं, म्हणजे वायफाय तर चालू होतं. जुन्या डब्यांचे दिवे असेच जातात म्हणून जिज्ञासानं तिकडे फार लक्ष दिलं नाही. माधवीनं सांगितलेला पासवर्ड टाकला. मोबाईल जोडला गेला. खाली बारीक अक्षरांत आलं, 'इंटरनेट नाही'.

गल्लीच्या तोंडाशी जाऊन तिनं ऑफिसला फोन केला. ऑफिसातून उत्तर आलं, "राउटरपर्यंत लाईन एकदम व्यवस्थित आहे. आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही."

ती परत वर आली. "वहिनी, लाईट गेली तर चालायला बॅटरीचा छोटा डबा दिला होता ना आम्ही? तो दिसत नाही."

"तो बिघडला," माधवी म्हणाली. "कॅम्प चारला दुरुस्तीला दिलाय."

दोन वाजायला वीस मिनिटं होती. आता राउटर पूर्ण थंड करून बघू, असं म्हणत जिज्ञासानं प्लग ओढून काढला. राउटरचे हिरवे दिवे विझले. प्लग डाव्या हातात, मोबाईल उजव्या हातात. तिनं सहज पडद्याकडे पाहिलं आणि तिचा हात तसाच राहिला.

राउटर बंद होता. 'शेलार होम' अजून दिसत होतं. चारही दांड्या भरलेल्या.

३

"काय झालं, मॅडम?" माधवीनं विचारलं.

"तुमच्या घरात दोन वायफाय आहेत," जिज्ञासा म्हणाली. "एकाच नावाचे. हा तुमचा खरा, याच्यात नेट आहे. पण याचं वायफाय कोणीतरी बंद केलंय. मागे बारीक बटण असतं, पाच सेकंद दाबून धरावं लागतं. आणि दुसरा कुठेतरी लपवलाय. मोबाईल त्या दुसऱ्याला जोडला जातो. त्याला लाईनच नाही, मग नेट येणार कुठून?"

"म्हणजे बिघाड नाही?"

"नाही. कोणीतरी मुद्दाम केलंय."

माधवीनं पदर तोंडाशी नेला. सुजित दारात उभा होता.

जिज्ञासानं घराचा मेन स्विच पाडायला सांगितला. पंखा थांबला, खालून भगवंत 'काय चाललंय?' म्हणून ओरडला. नाव तसंच होतं. म्हणजे लपवलेला डबा या घराच्या विजेवर चालत नव्हता.

मोबाईल हातात धरून ती पावलापावलानं चालू लागली. गल्लीकडे गेली की दांड्या कमी व्हायच्या, मागच्या भिंतीकडे गेली की वाढायच्या. घराला वळसा घालून ती मागच्या बोळात पोचली. तिथे शेलारांची आणि शेजाऱ्यांची भिंत एक होत होती आणि भिंतीवर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी होती. तिच्याखाली दांड्या गच्च भरल्या.

"ए मॅडम, उधर क्या चालू है?"

शेजारचा उन्मेष बनियनवर बाहेर आला होता. चाळिशीचा, अंगानं भरलेला. त्याच केमिकल कंपनीला तो हंगामी कामगार पुरवायचा.

"वायफायचा सिग्नल शोधतेय. तुमच्याकडे वायफाय आहे?"

"माझ्याकडे कुठला? आधी यांचंच वापरायचो. ॲक्सिडेंट झाला, यांनी डोक्यात राख घालून घेतली, पासवर्ड बदलून टाकला. तेव्हापासून बोलणं बंद."

"काल संध्याकाळी आला होता की दारात!" माधवी मागून म्हणाली. "काय म्हणालास, सांग ना त्यांना. साक्षीच्या भानगडीत पडू नका, महागात पडेल, असं म्हणाला, मॅडम!"

"समजावायला आलो होतो. शेजारधर्म म्हणून." उन्मेषचा आवाज चढला. "माझी पन्नास पोरं त्या कंपनीत लागलीत. कंपनीला टाळं लागलं तर त्यांच्या घरी चूल कोण पेटवणार, तुझा नवरा?"

जिज्ञासानं टाकीकडे बोट केलं. "मला वर चढायचंय."

"नाय. तिकडे नाय चढायचं." उन्मेष शिडीसमोर येऊन उभा राहिला.

४

"का नाही चढायचं?" जिज्ञासानं शांतपणे विचारलं.

"पत्रा कुजलाय. पडलीस तर माझ्या नावानं बोंब."

"पडले तर माझ्या नावानं. इथे चार माणसं ऐकतायत." तिनं त्याला वळसा घातला आणि शिडीला पाय लावला.

पत्रा खरंच कुजलेला होता. ती भिंतीच्या कडेकडेनं सरकली. टाकीमागे रंगाची रिकामी बादली उपडी पडली होती. तिनं ती उचलली. खाली एक धुळकट राउटर होता, त्याचा दिवा लुकलुकत होता, आणि त्याला तारेनं जोडलेला बॅटरीचा छोटा डबा.

ती खाली उतरली तेव्हा माधवी उन्मेषच्या अंगावर धावून गेली होती. "लाज नाही वाटली? माझा माणूस मरता मरता वाचला, त्याचं तोंड बंद करतोस?"

"आईशपथ, मी नाय ठेवलं ते!" उन्मेषचा चेहरा उतरला होता. "टाकी माझी आहे म्हणून काय झालं? इथे कोणपण चढतो."

गल्लीतली माणसं जमू लागली. कोणीतरी म्हणालं, पोलिसांना बोलवा. जिज्ञासानं राउटर उलटा करून पाहिला. तळाला तिच्याच कंपनीचा कागद चिकटवलेला होता आणि त्यावर गिऱ्हाइकाचं नाव: भगवंत शेलार.

"वहिनी, हा तुमचाच. वर्षापूर्वी नवीन बसवला तेव्हाचा जुना. कुठे होता?"

"वरच्या खोलीत, माळ्यावर," माधवी अडखळत म्हणाली. "पण खोलीला कुलूप नसतं. यानंच चोरला असेल."

"बघू. उन्मेषभाऊ, तुमचा मोबाईल द्या जरा."

त्यानं निमूटपणे दिला. त्याच्या मोबाईलमध्ये 'शेलार होम' साठवलेलं होतं, दोन महिन्यांपूर्वीच्या पासवर्डसकट. जिज्ञासानं तो मोबाईल सापडलेल्या राउटरजवळ धरला आणि नावावर बोट ठेवलं. उत्तर आलं: पासवर्ड चुकीचा.

"हा जुना राउटर यांनी चोरला असता," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तर याच्यात जुनाच पासवर्ड राहिला असता. यांना तेवढाच माहीत आहे. पण याच्यात नवा पासवर्ड टाकलाय. तुमच्या घरच्यांचे मोबाईल आपोआप जोडले जावेत, कोणाला संशय येऊ नये, म्हणून. तो नवा पासवर्ड यांना ठाऊक नाही."

उन्मेषनं कपाळावरचा घाम पुसला.

"वहिनी, नवा पासवर्ड कोणाकोणाला माहीत आहे?"

दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"आम्हा तिघांनाच," ती म्हणाली.

५

जिज्ञासानं माधवीला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं. नेट आता दोन मिनिटांत चालू करता आलं असतं. पण ज्यानं हे केलं तो याच घरात होता, आणि तीन वाजेपर्यंत तो पुन्हा काहीतरी करू शकत होता.

"बॅटरीचा डबा बिघडला म्हणालात. तो बघा, छान चालतोय. कॅम्प चारला तुम्हीच जाता ना?"

माधवीच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यावर संशय?"

"तक्रार करायला तुम्ही तीनदा सांगून घेतलंत. मघाशी भाऊच बोलले तसं."

"हो, घेतलं." ती ओट्याला टेकली. "खरं सांगू? नेट गेलं तेव्हा मला बरं वाटलं. ह्यांनी आज बोलू नये असं मला मनापासून वाटतंय. पण मी काही केलेलं नाही. मला ते बटण कुठे असतं तेसुद्धा माहीत नाही."

"का बोलू नये? रघु गेला, भाऊंचे पाय गेले. खरं सांगायला नको?"

"खरं?" माधवी कसंनुसं हसली. "ते काय सांगणार आहेत ते तुम्हाला माहीत नाही, ताई. आणि मी सांगू शकत नाही. त्यांनी शपथ घातलीय."

बाहेरच्या खोलीत भगवंत कोपरांवर रेलून वाट बघत होता. त्याला सगळं ऐकू गेलं होतं. त्यानं हात पुढे केला. "बघू तो डबा."

जिज्ञासानं राउटर आणि बॅटरी त्याच्या हातात दिली. बॅटरीची पिन जुन्या राउटरला बसत नव्हती, म्हणून कोणीतरी वायर सोलून तार तारेला पिळून जोड दिला होता. भगवंतनं राउटरकडे पाहिलंही नाही. तो त्या जोडावरून अंगठा फिरवत राहिला. बराच वेळ. मग त्यानं डबा तिला परत दिला.

"भाऊ, अकराच्या सुमाराला जिन्यावर कोणाचे पाय वाजले? लोखंडी जिना आहे, तुम्हाला इथे ऐकू येतं."

"नाही," भगवंत म्हणाला. "गोळीनं डोळा लागला होता माझा. दहापासून झोपलोच होतो."

जिज्ञासा त्याच्याकडे बघत राहिली. अकरा वाजून सात मिनिटांनी नेट गेलं, हे मिनिटासकट त्यानंच सांगितल्याचं तक्रारीत नोंदलेलं होतं. झोपलेल्या माणसानं घड्याळ कसं पाहिलं? घटकाभरापूर्वीपर्यंत हा माणूस नेट सुरू व्हावं म्हणून तळमळत होता. तो जोड हातात घेतला आणि खोटं बोलायला लागला.

तो कोणाला तरी वाचवत होता.

६

दोन वाजून वीस मिनिटांनी जिज्ञासानं मेन स्विच चालू करायला सांगितला, वरच्या खोलीतल्या राउटरचा प्लग लावला आणि मागचं बटण दाबून धरलं. तिसरा दिवा हिरवा झाला. मोबाईलवर नेट आलं. खालून माधवीचा आवाज आला, "आलं! आलं!"

मग तिनं आपल्या मोबाईलवर राउटरच्या आतलं पान उघडलं. कोणता मोबाईल कधी जोडला गेला, कधी सुटला, हे राउटर लिहून ठेवतो. माधवीचा मोबाईल नऊ चाळीसला सुटला होता. ती कॅम्प चारला निघाली तेव्हा. त्याखाली दोन ओळी होत्या. वायफाय बंद, अकरा वाजून सात मिनिटं. त्या क्षणी जोडलेले मोबाईल दोन. एक भगवंतचा.

दुसऱ्याचं नाव तिनं दोनदा वाचलं आणि जिन्यावर आली. सुजित मधल्या पायरीवर बसला होता. उजव्या हातात माचिस होती, डाव्या हातानं तो काडी ओढत होता आणि ती पेटत नव्हती. ती त्याच्या वरच्या पायरीवर बसली.

"बेलवलीत कुठे गेला होतात?"

"ते... स्टेशनजवळ. एका कॉन्ट्रॅक्टरकडे."

"अकरा वाजून सात मिनिटांपर्यंत तुमचा मोबाईल या खोलीत होता, सुजितभाऊ. राउटरनं लिहून ठेवलंय."

काडी त्याच्या हातातून खाली पडली.

"तुम्हाला वायर तोडता आली असती," जिज्ञासा हळू आवाजात म्हणाली. "तेच सोपं होतं. पण तोडलेली वायर जोडायला आमचा माणूस कधी येईल सांगता येत नाही. बॅटरी चालते चार तास. तीन-सव्वातीनला ती आपोआप संपली असती, तुम्ही वर येऊन बटण दाबलं असतं, आणि नेट आपलं आपण आलं असतं. तुम्हाला नेट तोडायचं नव्हतं. फक्त तीनची वेळ टळायला हवी होती. का?"

"पाच वाजता दादाचा व्यायाम असतो," सुजित म्हणाला. "हॉस्पिटलच्या मॅडम व्हिडिओवर शिकवतात. एक दिवस चुकला तर पायाची बोटं आखडतात त्याची. वायर तोडायला हात उचलला होता. नाही झालं. म्हणून बॅटरीचा डबा बिघडला, दुरुस्तीला दिला, असं वहिनीला सांगून ठेवलं."

"आणि साक्ष?"

गल्लीतली माणसं पांगली होती. उन्मेष आपल्या दारात उभा राहून इकडे बघत होता.

"रिॲक्टरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो," सुजित म्हणाला. "आत दाब वाढला की तो उघडतो, वाफ बाहेर जाते. पण मग बॅच वाया जाते. त्या आठवड्यात तीनदा गेली. आमचे सुपरवायझर, जितेश सर, मला म्हणाले, तार मार त्याला, उघडायलाच नको. मी म्हटलं, सर, डेंजर आहे. ते म्हणाले, दोन दिवसांचा प्रश्न आहे, नवीन व्हॉल्व्ह मागवलाय. मी मारली तार. ह्या हातांनी. दुसऱ्या दिवशी दादाची शिफ्ट होती. रघुची होती."

"भगवंतभाऊंना माहीत आहे?"

"नाही. त्यानं व्हॉल्व्हला तार बघितली, एवढंच. आज तो तेच सांगणार. मग समिती विचारणार, तार कोणी मारली? जितेश सर हात वर करणार. लेखी काही नाही. मी एकटा अडकणार." त्यानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मी रघुच्या आईच्या समोर जाऊ शकलो नाही अजून. गल्ली बदलून जातो."

दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

"खाली चला," जिज्ञासा म्हणाली.

"दादाला सांगणार तुम्ही?"

"मी नाही. आणि मला वाटतं, कोणी सांगायची गरज उरलेली नाही."

७

भगवंत उशीला टेकून बसला होता. माधवीनं त्याला धुतलेला शर्ट घातला होता आणि मोबाईल स्टुलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला होता. सुजित उंबऱ्यात थांबला.

"आत ये," भगवंत म्हणाला.

सुजित आला नाही.

"व्हॉल्व्हची तार उलट्या पिळाची होती, सुजा. सगळ्या प्लँटमध्ये डावखुरा तू एकटा. स्फोटाच्या आधी पाच मिनिटं मी ती बघितली आणि तुला शिव्या घालत सोडवायला पक्कड आणायला वळलो. म्हणून मी भिंतीपलीकडे होतो. म्हणून वाचलो." त्यानं जिज्ञासाच्या हातातल्या डब्याकडे बोट केलं. "आणि आज तोच पीळ माझ्या हातात आला."

सुजित उंबऱ्यातच खाली बसला. "तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग आज तू माझं नाव..."

"तुमचं नाव घेणार होते?" माधवी मधेच फुटली. "शपथ गेली खड्ड्यात! हे सांगणार होते की तार ह्यांनी मारली! स्वतःचं नाव लावून घेणार होते, भावजी! म्हणे, मी असाही कॉटवर पडलोय, मला आणखी काय करतील? महिनाभर पाया पडतेय मी ह्यांच्या."

सुजितनं आधी माधवीकडे पाहिलं, मग भावाकडे. भगवंतनं मान फिरवली होती.

"आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "तुला तुरुंगात बघायला मी जगलो का?"

जिज्ञासाला तिथे उभं राहणं अवघड झालं. तिचं काम संपलं होतं. तिनं पिशवी उचलली. पण दाराशी जाऊन ती वळली.

"भाऊ, एक बोलू? तार तुम्ही मारली म्हणालात, तर समिती पुढचा प्रश्न विचारेल. कोणाच्या सांगण्यावरून? तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. काय उत्तर द्याल? जितेश तिथेच सुटतो. त्यानं कोणाला, कधी, काय सांगितलं, हे ज्याच्या कानांनी ऐकलं तोच सांगू शकतो."

तीन वाजायला चार मिनिटं होती.

सुजित उठला. मोरीत जाऊन त्यानं तोंडावर पाणी मारलं. परत आला तो सरळ कॉटच्या कडेला, भावाच्या उशाशी बसला. भगवंतनं त्याचं मनगट धरलं आणि मागे खेचू लागला. सुजितनं ते सोडवलं नाही, पण जागचा हललाही नाही.

तीन वाजले. माधवीनं साक्षीची लिंक उघडली.

पडद्यावर चौकोन उघडत गेले. मधोमध चौकशी अधिकारी बाई. एका चौकोनात कंपनीचा वकील, त्याच्या शेजारी इस्त्रीच्या शर्टात जितेश. अगदी खाली, वांगणीजवळच्या एका गावातून, लुगडं नेसलेली एक म्हातारी. रघुची आई, रखमाबाई. तिच्यासमोर कोणीतरी मोबाईल धरला होता.

"भगवंत शेलार, आवाज येतोय का?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"येतोय, मॅडम," सुजित म्हणाला. "मी सुजित शेलार, त्यांचा भाऊ. त्यांच्या आधी मला बोलायचंय. सेफ्टी व्हॉल्व्हला तार मी मारली होती. जितेश सरांनी मला सांगितलं होतं, आदल्या दिवशी, दुपारी चहाच्या सुट्टीनंतर. व्हॉल्व्हपाशीच उभे राहून."

वकील काहीतरी बोलू लागला. बाईंनी त्याला हातानंच थांबवलं. जितेशचा चौकोन काळा झाला.

"सुजित शेलार, याचे परिणाम तुमच्यावरही होतील. समजतंय ना?"

"समजतंय."

भगवंतच्या मुठीत अजून त्याचं मनगट होतं. दारात उभ्या असलेल्या जिज्ञासाला कोणी आत बोलावलं नाही, कोणी जायलाही सांगितलं नाही. तिच्या मागे गल्लीत उन्मेष येऊन उभा राहिला होता.

खालच्या चौकोनातली म्हातारी मोबाईलच्या अगदी जवळ आली. सुजितनं नजर चुकवली नाही.

"बाय," रखमाबाई अधिकारी बाईंना म्हणाली, "त्यानं सांगला ता लिवला का?"

"हो आजी, लिहून घेतलंय."

"मना वाचून दाखव."

बाईंनी कागद समोर धरला आणि सुजितचं नाव, जितेशचं नाव, व्हॉल्व्ह, तार, चहाची सुट्टी, सगळं सावकाश वाचून दाखवलं. रखमाबाई मान हलवत ऐकत होती. वाचून झालं तेव्हा तिनं पदरानं डोळे कोरडे केले.

"अजून येकदा वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं."